ओल, घरमालक आणि भाडेकरू : सिहोरा परिसराच्या संदर्भात दुरुस्तीच्या जबाबदारीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घरभाड्यासंबंधीच्या आपल्याकडील लेखनात दोन प्रश्नांची चर्चा प्रामुख्याने आढळते. पहिला भाड्याच्या रकमेचा आणि दुसरा ताब्याचा. घराच्या अवस्थेचा तिसरा प्रश्न मात्र सहसा मागे पडतो. पावसाळ्यात भिंतीला ओल चढते, पोपडे सुटतात, कोपऱ्यांत व कपाटामागे काळी-हिरवी बुरशी धरते. अशा वेळी भाडेकरू गळक्या छताकडे बोट दाखवितो, तर घरमालक बंद खिडक्यांकडे व घरात वाळत घातलेल्या कपड्यांकडे. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असू शकते. परंतु जबाबदारी कोणाची, याचे उत्तर गावाच्या पातळीवर क्वचितच कोणी शोधतो. बहुधा भाडेकरूच खोली बदलतो आणि प्रश्न तेथेच राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा हे गाव संदर्भासाठी घेण्यामागे विशिष्ट कारण आहे. भाडेकायद्यांचा अभ्यास बहुधा मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांपुरता होतो. वास्तविक शिक्षक, आरोग्यसेवक, बँकेतील कर्मचारी, तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी मोठ्या गावांतही भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचा भाडेव्यवहार बहुतांशी तोंडी असतो. या खोल्यांपर्यंत कायदा कोणत्या वाटेने पोहोचला आणि कोठे थांबला, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश होय.

परिसर आणि ओलीचे स्वरूप

सिहोरा परिसर हा मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचा, बावनथडी नदी व चांदपूर जलाशय यांच्या सान्निध्यातील धानाचा प्रदेश आहे. तलावांचा जिल्हा ही भंडाऱ्याची जुनी ओळख. जिल्ह्यात सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सततच्या झडीत हवा दमट राहते, बांध्यांत पाणी साचलेले असते आणि जमिनीतील ओलावा दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे ओल हा येथे केवळ अपघाताचा नव्हे, तर ऋतुमानाचाही भाग आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना वाढण्यासाठी पृष्ठभागावर ओलावा लागतो. म्हणून बुरशी पुसणे हा तात्पुरता उपाय ठरतो. ओलावा थांबविणे हाच खरा उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही ओलावा रोखण्यावर भर दिला आहे आणि दमट घरांचा श्वसनविकारांशी व दम्याशी असलेला संबंध मांडला आहे.

ओलीचे उगम सर्वसाधारणपणे चार सांगता येतील. पहिला, जमिनीतून भिंतीत केशाकर्षणाने वर चढणारी ओल. दुसरा, छतातून किंवा बाहेरील भिंतीतून शिरणारे पावसाचे पाणी. तिसरा, नळ, मोरी व सांडपाण्याच्या नळीतील गळती. आणि चौथा, स्वयंपाक, स्नान, कपडे वाळविणे यांतून निर्माण होणारी व बाहेर न जाणारी वाफ. धान साठविण्याच्या प्रदेशात यात आणखी एक भर पडते. पुरते न वाळलेले धान बंद खोलीत ठेवल्यास त्यातील ओलावाही त्याच हवेत मिसळतो. उगमांची ही विभागणी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण डाग सारखेच दिसत असले तरी त्यांची जबाबदारी सारखी नसते.

मातीचे घर आणि देखभालीची प्रथा

या भागातील जुने घर मातीच्या भिंतींचे व कवेलूंच्या छपराचे. अशा घरात ओल येणार, हे गृहीत धरूनच देखभालीचे वार्षिक चक्र बसविलेले होते. मृगापूर्वी कवेलू फेरायचे, फुटके बदलायचे, पावसाच्या बाजूच्या भिंतीला तट्टे किंवा तणसाचा आडोसा करायचा. पाऊस ओसरल्यावर भिंती लिंपायच्या, पांढऱ्या मातीने पोतारायच्या आणि जमीन सारवायची. मातीची भिंत ओलावा घेते व ऊन पडले की सोडते. दरवर्षी नवा लेप बसल्याने जुना, बुरशी धरलेला थर आपोआप निघून जातो.

या चक्रात श्रमाची एक विभागणी अंतर्भूत होती. छप्पर, लाकूड, भिंतीची उभारणी ही साहित्याची व कसबी हातांची कामे घरधन्याकडे येत. लिंपण, पोतारणे, सारवणे ही पृष्ठभागाची कामे घरात राहणाऱ्या कुटुंबाकडे, आणि प्रत्यक्षात त्या कुटुंबातील स्त्रियांकडे येत. घर दुसऱ्याला राहावयास दिले तरी हीच विभागणी स्वाभाविकपणे लागू पडे. ती कोठे लिहून ठेवण्याची आवश्यकता कोणास भासली नाही.

येथे मालगुजारी काळातील एका दस्तऐवजाचा उल्लेख आवश्यक ठरतो. मध्य प्रांतात जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाच्या चालीरीतींची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात केली जात असे. परंतु तिचा रोख मुख्यतः पाणी, निस्तार, वहिवाट, गावठाण अशा सामाईक बाबींकडे होता. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही वाजिब-उल-अर्ज राहिले. तथापि त्याचा विषय सिंचन, वहिवाट व मासेमारी यांच्या रूढी हा आहे. भाड्याच्या घराची भिंत कोणी सांभाळावी, ही रूढी अशा रीतीने कागदाबाहेरच राहिली.

१८८२ चा अधिनियम आणि ‘स्थानिक प्रथा’

भाडेपट्ट्यासंबंधीचा मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. त्याच्या कलम १०८ मध्ये पट्टाकार व पट्टेदार यांचे हक्क व दायित्वे दिली आहेत; परंतु त्याचा आरंभच, विरुद्ध करार किंवा स्थानिक प्रथा नसेल तर, अशा मर्यादेने होतो. ओलीच्या दृष्टीने या कलमातील चार तरतुदी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली तरतूद दोष उघड करण्याची. घराच्या नियोजित उपयोगाला बाधक असा जो मोठा दोष मालकाला माहीत आहे, पण भाडेकरूला सामान्य सावधगिरीने दिसण्यासारखा नाही, तो मालकाने सांगितला पाहिजे. उन्हाळ्यात चुना लावून भाड्याने दिलेल्या, परंतु दर श्रावणात पाझरणाऱ्या खोलीला हे तत्त्व नेमके लागू पडण्यासारखे आहे. दुसरी तरतूद दुरुस्तीची. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे, ती त्याने सूचनेनंतर वाजवी मुदतीत न केल्यास भाडेकरूने स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. तिसरी तरतूद भाडेकरूच्या कर्तव्याची. वाजवी झीज व अनिवार शक्तीचा परिणाम वगळता त्याने घर मिळाले त्या स्थितीत राखावे व तसेच परत करावे. भाडेकरूच्या कृतीने वा कसुरीने दोष उत्पन्न झाला असेल, तर मालकाच्या सूचनेनंतर तीन महिन्यांत तो दूर करावा. चौथी तरतूद आपत्तीची. आग, वादळ, पूर इत्यादींमुळे घराचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा वापरास कायमचा अयोग्य ठरला, आणि त्यास भाडेकरूची कसूर कारण नसेल, तर त्याला पट्टा रद्द करण्याचा विकल्प आहे.

वरवर पाहता ही मांडणी समतोल वाटते. तथापि दुसऱ्या तरतुदीत एक पोकळी आहे. ‘जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे’ असे कायदा म्हणतो. पण मालक कोणत्या दुरुस्तीस बांधलेला आहे, हे तो सांगत नाही. दुरुस्तीचे सर्वसाधारण बंधन या अधिनियमाने मालकावर घातलेले नाही. ते करारातून किंवा प्रथेतून यावे लागते. करार तोंडी असेल तर त्यात भाड्याच्या आकड्यापलीकडे फारसे काही नसते. म्हणजे उरते ती प्रथा. मातीच्या घरात निदान ती होती. विटा, सिमेंट व स्लॅबच्या घरासाठी तशी प्रथा तयार होण्यापूर्वीच जुनी प्रथा लयाला गेली. कवेलू फेरण्याचे काम उरले नाही आणि लिंपणही उरले नाही. पक्के घर म्हणजे देखभाल न लागणारे घर, अशी समजूत मात्र रूढ झाली. जोते ठेंगणे, ओलरोधक थर नाही, स्लॅबला उतार नाही, अशा घरात ओल आत शिरते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला असल्यास आत कोंडलेल्या ओलाव्याला बाहेर पडण्यास वावच राहत नाही.

भाडेनियंत्रणाची शहरी वाट

मालकावर दुरुस्तीचे स्पष्ट बंधन आले ते भाडेनियंत्रणाच्या मार्गाने. आणि हा मार्ग शहरांतून गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळातील घरटंचाईत मुंबई प्रांतात १९१८ मध्ये भाडेनिर्बंधाचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ आला. त्याच्या कलम २३ ने घर सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले. विदर्भ त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. येथे १९४६ च्या कायद्याखाली मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९ लागू झाला. या आदेशाचा भर रास्त भाडे ठरविण्यावर, रिकाम्या घरांच्या वाटपावर आणि नियंत्रकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय भाडेकरूला पट्टा संपविण्याची नोटीस देता येणार नाही, या संरक्षणावर होता. आवश्यक दुरुस्तीचा विषय त्यात आला तो, अशी परवानगी मालकाने कोणत्या कारणांसाठी मागावी, या यादीत. दुरुस्ती भाडेकरूची मागणी म्हणून नव्हे, तर घर रिकामे करून घेण्याचे कारण म्हणून नोंदली जावी, ही बाब बोलकी आहे.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण भाडेकायदा बदलला नाही. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा अधिनियम, विदर्भात १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा अधिनियम अशी तीन व्यवस्था एकाच राज्यात चार दशके नांदल्या.

या काळात मुंबईतून एक महत्त्वाचा धडा मिळाला. भाडे १९४० च्या पातळीवर गोठले, दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत राहिला. परिणामी बंधन कागदावर राहिले आणि चाळी झिरपत राहिल्या. अखेर १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती मंडळामार्फत जुन्या इमारती सांभाळण्याची जबाबदारी शासनाला अंशतः उचलावी लागली. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये प्रमाणभाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी ठरविले. यावरून असे दिसून येते की, दुरुस्तीचे कर्तव्य व दुरुस्तीची ऐपत यांची सांगड तुटली तर केवळ कर्तव्य सांगून घर कोरडे होत नाही.

१९९९ चा अधिनियम आणि त्याची सीमा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि तिन्ही जुने कायदे निरसित झाले. त्याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसल्यास, घर सुस्थितीत व राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च वळता करू शकतो. पावत्यांसह ठेवलेला हिशोब हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नये. उदाहरणार्थ, मासिक भाडे दोन हजार रुपये असेल तर वार्षिक भाडे चोवीस हजार आणि वळतीची मर्यादा सहा हजार रुपये होते. या रकमेत गळका नळ बदलता येईल, एखाद्या भिंतीचा गिलावाही होईल; पाझरणारा स्लॅब दुरुस्त होणे कठीण. तरीही तत्त्व स्पष्ट झाले, हे मान्य केले पाहिजे. कलम ५५ ने लेखी व नोंदणीकृत करार आवश्यक केला. असा करार नसेल तर शर्तींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

परंतु हा अधिनियम सर्व गावांना आपोआप लागू होत नाही. तो अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना आणि ज्या क्षेत्रांत जुने कायदे लागू होते त्यांना लागू आहे. म्हणून सिहोऱ्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावातील खोलीसंबंधी पहिला प्रश्न, ते क्षेत्र या व्याप्तीत येते काय, हाच असतो. जे क्षेत्र व्याप्तीबाहेर आहे, तेथील भाडेकरूला १८८२ च्या अधिनियमाकडे परतावे लागते. तेथे दोन अडचणी एकत्र येतात. मालक कोणत्या दुरुस्तीस बांधलेला आहे हे सिद्ध करण्यास करार नाही आणि नवी प्रथाही नाही. शिवाय कलम १०६ प्रमाणे मासिक भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. भिंतीच्या ओलीविषयी तक्रार करणाऱ्या भाडेकरूला उत्तरादाखल खोली रिकामी करण्याची नोटीस मिळू शकते. ताब्याची सुरक्षितता नसेल तर दुरुस्तीचा हक्क वापरता येत नाही. ओलीच्या प्रश्नाचा खरा पेच येथे आहे.

‘दुरुस्ती’ आणि ‘राहण्यायोग्यता’

आणखी एक तात्त्विक अडचण विचारात घेतली पाहिजे. दुरुस्ती म्हणजे बिघडलेले पूर्ववत करणे. जे घर बांधल्या दिवसापासूनच ओल धरते, त्यात बिघडले काय? ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात क्विक विरुद्ध टॅफ इली या खटल्यात हाच प्रश्न उपस्थित झाला. धातूच्या खिडक्यांवर वाफ साचून घरात तीव्र बुरशी झाली होती. तरीही इमारतीच्या रचनेची मोडतोड झालेली नसल्याने दुरुस्तीचे बंधन लागू होत नाही, असा निर्णय झाला. अमेरिकेत जाविन्स खटल्यात १९७० मध्येच निवासी भाडेपट्ट्यात राहण्यायोग्यतेची गर्भित हमी मान्य झाली होती. इंग्लंडमध्ये २०१८ च्या कायद्याने घर मानवी निवासास योग्य असण्याची अट भाडेपट्ट्यांत नव्याने प्रभावी केली आणि योग्यता ठरविण्याच्या बाबींत ओलीपासून मुक्तता ही बाब आहे. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक या दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला आणि तो घरातील बुरशीच्या दीर्घकालीन संपर्कामुळे झाल्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदी २०२३ च्या कायद्यात आल्या. ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक गृहनिर्माणात ओल व बुरशीच्या तक्रारींवर ठरावीक मुदतीत कार्यवाही करणे बंधनकारक झाले आहे.

भारतात केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमाच्या अनुसूचीत कामांची वाटणी दिली आहे. रचनात्मक दुरुस्ती, भिंतींची सफेदी, नळ व विजेच्या तारा यांची कामे मालकाकडे. गटार साफ करणे, नळाचे वॉशर, विजेची बटणे, कड्या-कुलपे, खिडकीच्या काचा अशी किरकोळ कामे भाडेकरूकडे. हा नमुना ग्रामीण भागालाही गृहीत धरतो. मात्र राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. तरीही करार लिहिताना त्या यादीचा आधार घेण्यास कोणाची आडकाठी नाही.

जबाबदारीची वाटणी

वरील विवेचनावरून ओलीचा उगम हाच जबाबदारीचा निकष मानणे युक्त ठरते. जमिनीतून चढणारी ओल आणि छतातून वा भिंतीतून शिरणारे पाणी हे रचनेचे दोष असल्याने ते मालकाकडे जातात. जोत्याची किमान उंची ४५ सेंटीमीटर असावी, हा राष्ट्रीय इमारत संहितेचा दंडक घर बांधणाऱ्यासाठी आहे, राहणाऱ्यासाठी नाही. नळाची गळती जुन्या नळीमुळे असेल तर मालकाची, निष्काळजी वापरामुळे असेल तर भाडेकरूची. वाफेच्या बाबतीत आधी खोलीत हवा खेळण्याची सोय आहे काय, हे पाहावे लागेल. खिडकी असून ती उघडली जात नसेल तर जबाबदारी भाडेकरूची. खिडकीच नसेल तर त्याला दोष देता येणार नाही. गळती दिसताच कळविणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. कारण न कळविल्याने वाढलेले नुकसान वाजवी झीज म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने जिल्ह्यात झाली तशी हानी या दोघांच्याही कसुरीबाहेरची. तेथे दोषारोप न करता शासकीय मदत व परस्पर समजूत यांचाच आधार घ्यावा लागतो.

समारोप

ओलीची जबाबदारी मातीच्या घरात प्रथेने ठरलेली होती, शहरी घरात कायद्याने ठरविली. या दोहोंच्या मध्ये असलेली गावातील पक्की भाड्याची खोली मात्र दोन्हींच्या बाहेर राहिली, हा या विवेचनाचा निष्कर्ष होय. ही पोकळी भरण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहणे अपरिहार्य नाही. १८८२ च्या अधिनियमानेच करार व प्रथा यांना प्राधान्य दिले आहे. खोली ताब्यात देताना भिंती, छत, मोरी व खिडक्या यांच्या अवस्थेची दोघांच्या स्वाक्षरीची नोंद, मागील पावसाळ्यात ओल कोठे आली होती याचा प्रामाणिक उल्लेख, कामांची वाटणी, आणि दुरुस्तीची मागणी केल्याच्या कारणाने ठरावीक मुदतीपूर्वी घर रिकामे करून न मागण्याची हमी, एवढ्या चार बाबी एका कागदावर आल्या तरी नव्या प्रथेचा पाया पडेल. हमीची मुदत अकरा महिन्यांहून अधिक ठेवावयाची असल्यास कराराची नोंदणी करून घेणे इष्ट. असा कागद मालकालाही तितकाच उपयोगी आहे; कारण भाडेकरूच्या हलगर्जीपणाने झालेले नुकसान सिद्ध करण्याचा त्याच्याजवळ दुसरा मार्ग नसतो.

महाविद्यालयांचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. बाहेरगावचे विद्यार्थी आणि अनेक अध्यापक स्वतः भाडेकरू असतात. अशा कराराचा मराठी नमुना तयार करणे व गावातील खोल्यांतील ओलीच्या उगमांची पद्धतशीर पाहणी करणे, ही दोन्ही कामे महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. कवेलू फेरण्याचा दिवस पूर्वी मृगाआधी ठरलेला असे. स्लॅबची, नळाची व भिंतीची पाहणी करण्याचाही असा एक दिवस घरमालक व भाडेकरू यांनी मिळून ठरवावा, हे त्या जुन्या शहाणपणाला धरूनच होईल.